मोतीरामआबांच्या हाताखाली

मला तित्तर धरता येतो. जिवंत, एक पीसही न मोडता. मी प्राणिशास्त्र शिकवते, नावामागे दोन पदव्या आहेत, चार परिसंवादांची प्रमाणपत्रं कपाटात पडून आहेत. पण पाहुणेमंडळींत कुणी विचारलं, "तुम्ही काय शिकलात?" तर जिभेवर आधी हेच येतं. ऐकणारा कसनुसा हसतो. मग मी आणखी सांगते की हे मला मोतीराम काळ्यांनी शिकवलं, आणि ते फासेपारधी होते. यावर तो हसायचाही थांबतो.

आबा गेल्या उन्हाळ्यात गेले. सत्तरी कधीच ओलांडली असावी. नक्की वय त्यांना माहीत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही. मूळचे करमाळ्याकडचे. तिथून हलत हलत सोलापूरच्या उत्तरेला माळाच्या कडेनं एका गावाबाहेर येऊन राहिले होते. अंगकाठी बारीक, डोक्याला विटका फेटा, आणि वहाणा पायात कमी, काखेत जास्त. माळ लागला की वहाणा काढायच्या. "पायाला कळू द्या की, कुटं आलोय ते," म्हणायचे.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या फजितीमुळे. माळावरचे तित्तर आणि लावे पकडायचे, त्यांच्या पायात नंबराचं बारीक वाळं घालायचं आणि सोडून द्यायचं, म्हणजे पाखरं कुठवर हिंडतात, किती जगतात ते समजतं, असं माझं संशोधन होतं. वनखात्याची रीतसर परवानगी होती. परदेशी बनावटीच्या रेशमासारख्या जाळ्या होत्या. तीन आठवडे त्या जाळ्या लावून मी बसले. त्यात सापडलं शेळीचं एक करडू, दोन वटवाघळं आणि पाटलांच्या म्हाताऱ्या आईचं वाळत घातलेलं लुगडं. तित्तर जाळीखालून पळत जायचे आणि पलीकडे जाऊन ओरडायचे. मला तर ते हसण्यासारखंच वाटायचं.

शेवटी गावातल्या चहाच्या हॉटेलवाल्यालाच माझी दया आली. म्हणाला, "बाई, तित्तर उडणारं पाखरू न्हाय, पळणारं हाय. मोतीरामला गाठा."

खरं सांगते, मी दोन दिवस गेले नाही. माझं माहेर करकंबचं, शेतकऱ्याचं घर. पारधी आले अशी आवई उठली की आमच्या दाराला दिवसाढवळ्या कडी लागायची. त्यांना मी कधी धड पाहिलंही नव्हतं, पण भीती अगदी पाठ होती. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले म्हणून ती गेली नव्हती. तिसऱ्या दिवशी गेले ती पर्स पोटाशी धरून.

आबा पालाबाहेर बसून बांबूच्या काड्या तासत होते. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या स्कूटरकडे, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "बाई, गाडीची किल्ली काडून घ्या. मागनं काय झालं तर माजं नाव यायचं."

मी किल्ली काढून घेतली. पर्सवरचा हात मात्र लगेच काढता येईना. तो त्यांनी पाहिला असणार, कारण न पाहिलेली अशी गोष्ट त्या माणसाच्या आसपास नसायचीच.

नाव. या एका गोष्टीवर आबांचं सगळं आयुष्य उभं होतं. गावात कुणाची कोंबडी हरवली तरी पहिली चौकशी त्यांच्या पालावर. म्हणून त्यांनी आपले काही नियम केले होते. कुणाच्या बांधावर पाय ठेवायच्या आधी लांबून हाळी द्यायची, "मोतीराम जातोय हो." गावातून निघताना हॉटेलासमोर थांबायचं आणि आपली झोळी उलटी करून झटकायची. कुणी सांगितलेलं नसे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शरमेनं मेल्यासारखं झालं. म्हटलं, "आबा, कशाला हे?"

"कुणी मागायच्या आधी दावली की ती झडती न्हाय र्‍हात," ते म्हणाले.

पोटासाठीची शिकार त्यांनी कधीच सोडून दिली होती. का सोडली ते एकदा विचारलं तेव्हा मला वाटलं, कायद्याचं काही सांगतील, किंवा पाखराच्या डोळ्यांतल्या पाण्याचं. तसलं काही नाही. "माळ कमी झाला, बाई. पाकरं मोजकी उरली. मोजक्यातलं घेतलं की त्येला शिकार म्हणत न्हायत, चोरी म्हणत्यात. चोर म्हणून घेत जल्म गेला, मग खरंच चोरी तरी कशाला करायची?"

माझं काम त्यांना पटलं ते मात्र क्षणात. धरायचं, वाळं घालायचं, सोडायचं. "म्हंजे इद्या र्‍हाती आन पाकरू बी र्‍हातं," एवढंच म्हणाले. त्यांची बायको जमनाबाई आतून त्यांच्या पारधी बोलीत काहीतरी बोलली आणि खुदकन हसली. आबांनी भाषांतर केलं, "ती म्हणतीया, धरून सोडायचं तर आदी धरायचंच कशाला? शिकलेल्या लोकांचं काय खरं न्हाय."

मग माझी शाळा सुरू झाली. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी फास हातात मिळेल. आठ दिवस नुसतं बसवलं. हिवराच्या झाडाखाली, पहाटे, थंडीत. "आदी बसायला शिका. माणूस बसलं की त्येचं ढुंगण हालतं, ढुंगण थांबलं की हात हालतो, हात थांबला की डोकं चालू. पाकराला सगळं ऐकू जातं." चौथ्या दिवशी म्हणाले, उद्यापासून वासाचा साबण लावू नका. पाचव्या दिवशी म्हणाले, केसांना तेलही नको. सहाव्या दिवशी माझ्या नवऱ्यानं विचारलं की तू नक्की संशोधनच करतेस ना.

माझ्या दुर्बिणीवर त्यांचा राग होता. "ही लावली की एकच पाकरू दिसतंय. बाकीचा माळ गेला की." आणि एक शब्द त्यांनी मला कधी वापरू दिला नाही. धरला, पकडला म्हणायचं नाही. आला म्हणायचं. "आपण काय धरतोय? वाट त्येची, पाय त्येचा. आपण नुसता फास मांडतो. तो आला तर आला."

फास म्हणजे बोटभर बांबूची काडी, तिला घोड्याच्या शेपटीच्या केसाचा सरकत्या गाठीचा वेढा. अशा वीस काड्या एका दोरीत, त्यांची माळ. तित्तराच्या पायवाटेवर ही माळ आडवी रोवायची आणि मागच्या बाजूनं हळूहळू, उगीच गुरं वळायला आल्यासारखं चालत यायचं. तित्तर घाबरला तर उडतो, नुसता कंटाळला तर पळतो. त्याला फक्त कंटाळा आणायचा. ही कला आबांची. हातात वाळकी काटकी, तोंडानं काहीतरी पुटपुटणं, चार पावलं इकडे, दोन तिकडे. पाहणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याचं काही हरवलंय. पाखरू फासात आलं की मात्र म्हातारा जो पळायचा, की मी निम्म्या वयाची असून मागे राहायचे. फासात पाखरानं चार झटके देण्याआधी हात पोहोचला पाहिजे, हा नियम.

घोड्याचा केस आणायला ते महिन्यातून एकदा सोलापुरात यायचे, वरातीचे घोडे बाळगणाऱ्या एका ओळखीच्याकडे. एकदा मी त्यांना सात रस्ता चौकात भेटले. त्या गर्दीत मला रस्ता ओलांडायला पाच मिनिटं लागतात. आबा वहाणा काखेत घेऊन सरळ चालत पलीकडे गेले आणि माझी वाट पाहत उभे राहिले. "गाडीवाल्याच्या तोंडाकडं बगायचं न्हाय, बाई," म्हणाले. "म्होरल्या चाकाकडं बगायचं. त्वांड खोटं बोलतं, पाय बोलत न्हाय."

त्याच दिवशी मी त्यांना आमच्या कॉलेजात नेलं. फाटकावरच्या शिपायानं त्यांना अडवलं, मी येऊन सांगितल्यावर सोडलं. मी हजेरी घेऊन येईपर्यंत आबा प्रयोगशाळेमागच्या लिंबाखाली बसले होते. अर्ध्या तासानं मी आले तर म्हणाले, "तुमच्या हौदामागं मुंगसाची मादी हाय. तीन पिल्लं. एक लंगडतंय." प्राचार्य तिथंच उभे होते. आमचा विभाग त्या इमारतीत बारा वर्षं होता, आणि मुंगसाचा पत्ता आमच्यातल्या एकालाही नव्हता. आम्ही सगळे हौदामागे गेलो. मादी होती, तीन पिल्लं होती, एक लंगडत होतं. प्राचार्यांनी आबांना आपल्या खोलीत नेऊन खुर्ची दिली. मला वाटतं, कॉलेजात नोकरी लागल्याच्या दिवशीसुद्धा मी इतकी ताठ चालले नव्हते.

फास बांधायला मात्र मी मठ्ठ निघाले. मी डावखुरी. आबा समोर बसून दाखवायचे ते माझ्या हातात उलटं व्हायचं. त्यांचा वळसा उजवीकडे, माझा डावीकडे. त्यांनी दोन-तीनदा सुधारून पाहिलं, मग सोडून दिलं. "ऱ्हाऊ द्या. तित्तराला काय, उजवं काय नि डावं काय." घोड्याचा केस अजून माझ्या हाताला झेपत नव्हता, म्हणून मला नायलॉनचा दोरा दिला होता. संक्रांतीच्या आसपास एका सकाळी माझ्या स्वतःच्या फासात माझा स्वतःचा तित्तर आला. मी धावले, हात पोहोचला, पाखरू मुठीत धडधडत होतं. वाळं घातलं, सोडलं. आबांनी नुसता फेटा काढून परत बांधला. एवढ्यानं मी हवेत गेले.

आणि हवेत गेलेल्या माणसाकडून व्हायची तीच चूक झाली. आबांचा सगळ्यात मोठा नियम होता की फास रोवताना मोठ्यानं मोजायचे आणि उपटतानाही मोठ्यानं मोजायचे, तोंडानं, कितीही घाई असली तरी. दोन दिवसांनी आबा सोयरिकीच्या कामाला परगावी गेले होते. मी एकटीच गेले आणि फासांची माळ लावली. एक काडी दोरीतून सुटली होती, ती वेगळी बाजूला, बांधालगतच्या बोरीच्या जाळीत रोवली. काही आलं नाही. निघताना कॉलेजातून फोन आला, बोलत बोलतच मी दोरी गुंडाळली, मनातल्या मनात "वीस" म्हटलं आणि निघाले. खरं तर त्या एकोणीस होत्या.

चार दिवसांनी सकाळी मला हॉटेलवाल्याचा फोन आला, लगेच या म्हणून. गेले तर हॉटेलासमोर वीस-पंचवीस माणसं. मध्ये नवीन बदलून आलेले वनखात्याचे एक साहेब, बांधाचा मालक असलेला शेतकरी, आणि आबा. आबांची झोळी जमिनीवर रिकामी करून टाकलेली होती. या वेळी ती त्यांनी आपणहून केली नव्हती. बाकड्यावर मेलेला तित्तर होता. गळ्यात फास, पायात आमचंच वाळं.

"मॅडम, बघा तुमचा माणूस," साहेब म्हणाले. "तुमच्या परवानगीच्या आडून धंदा चालवलाय. किती वर्षं झाली तरी यांची जात..." पुढचं त्यांनी माझ्याकडे पाहून गिळलं.

आबा शांतपणे म्हणाले, "साहेब, फास बगू द्या." त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परत ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी पुढे वाकले. नायलॉनचा दोरा होता, आणि वळसा डावीकडचा.

आता मला मोठेपणा मिरवायचा नाही. एक क्षण माझ्या मनात आलं की गप्प बसावं. परवानगी, नोकरी, प्राचार्य, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तो क्षण किती लांब होता ते आबांना आणि मलाच ठाऊक. मग मी म्हटलं, "साहेब, हा फास माझा आहे. मी लावला आणि काढायला विसरले."

साहेब हसले. मला वाटलं होतं, ते रागावतील. ते समजुतीनं हसले. "मॅडम, तुमचं मन मोठं आहे. पण शिकल्यासवरल्या माणसांनी असल्यांना पाठीशी घालू नये. हे काय प्राध्यापकांचं काम आहे?" शेतकऱ्यानंही मान हलवली. कुणाचाच विश्वास बसेना. मी ओरडून सांगितलं असतं तरी बसला नसता. गुन्हा कबूल करूनही तो माझ्या नावावर चढेना, कारण त्यांच्या मनात तो आधीच दुसऱ्या नावावर लिहून झाला होता.

तेव्हा आबा बोलले. "बाई, हितं बसा. दोरा घ्या. बांदून दावा."

मी त्या चौकात, मातीत मांडी घालून बसले. पहिला वेढा सुटला. कुणीतरी हसलं. आबा माझ्या समोर येऊन बसले, रोजच्यासारखे, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "घाई न्हाय. श्वास सोडताना पीळ द्या." मी श्वास सोडला. पीळ दिला. काडीला वेढा घेतला, सरकगाठ मारली आणि फास साहेबांच्या हातात दिला. मग आबांनीही एक बांधून दिला. त्यांना माझ्या निम्माही वेळ लागला नाही.

साहेबांनी तीन फास शेजारी शेजारी ठेवले. शेतकरी वाकून बघत होता. तोच आधी म्हणाला, "व्हय की. बाईंची गाठ उलटी हाय. मेलेल्या तित्तराच्या फासातली बी उलटीच हाय."

आबांनी माझा फास उचलला, उजेडाकडे धरला आणि भर सभेत म्हणाले, "गाठ बरी हाय. पीळ अजून कमी पडतोय." अपराधी म्हणून मातीत बसले होते मी, आणि त्या वाक्यानं माझा ऊर भरून आला. लाज आणि अभिमान एका वेळी एवढे कधी वाटले नाहीत.

पंचनामा माझ्या नावावर झाला. लेखी खुलासा मागितला, काम महिनाभर बंद ठेवायला लावलं. ते योग्यच होतं. साहेबांनी आबांची माफी काही मागितली नाही, पण जाताना हॉटेलवाल्याला म्हणाले, "यांना चहा द्या." आबांनी तो घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश. तेवढा वेळ साहेब आणि त्यांची जीप थांबून होती.

नंतर मी विचारलं, "आबा, तुम्हाला गाठ ओळखू आली होती. मग बोलला का नाहीत?"

"तुमची गाठ हुती. मी सांगितली असती तर ती चुगली झाली असती," ते म्हणाले. "आन तुमी सांगितली नसती तर मी वाईट गुरू हुतो, एवढंच."

शिक्षा त्यांनीही दिली. त्यांच्यात ज्याचा फास माळावर राहिला, त्यानं पूर्ण माळ अनवाणी धुंडाळायचा, आणखी काही राहिलंय का ते बघायचं. तीन दिवस मी कुसळं तुडवत हिंडले. आबा मागून चालत होते, मदत न करता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "आता जरा माळ कळाला आसंल." महिन्यानं काम सुरू झालं तेव्हा त्यांनी माझ्या हातात पहिल्यांदा घोड्याचा केस दिला.

त्याच साहेबांनी पुढच्या हिवाळ्यात आबांना बोलावणं पाठवलं. नव्यानं भरती झालेल्या वनरक्षकांना चोरट्यांचे फास ओळखायला, शोधायला शिकवायचं होतं. मलाही निरोप होता. गेले तेव्हा माळावर खाकी कपड्यातली तीस पोरंपोरी गवतात बसली होती आणि समोर आबा. जन्मभर ज्या खाकीला पाहून त्यांच्या घरची माणसं पाल सोडून पळाली, ती खाकी त्यांच्यापुढे मांडी घालून वही उघडून बसली होती. मी मागच्या ओळीत बसले. जमनाबाईही आली होती, नवं लुगडं नेसून. त्या दिवशी तिनं कुठलीच थट्टा केली नाही.

आबांनी आठ दिवसांचं बसणं एका तासात उरकलं, पण ढुंगणाचा भाग गाळला नाही. पोरं हसली आणि मग खरोखरच हलायची थांबली. फास रोवून झाले, उपटून झाले. एका मुलीनं हात वर केला. "आबा, तुमच्याकडून कधी एखादा फास माळावर राहिला का हो?"

मी मान खाली घातली.

"माज्याकडनं न्हाय," आबा म्हणाले. "माज्या चेलीकडनं र्‍हायला एक. तित्तर मेला. माणसं माजं नाव घेत हुती. तिनं चारचौघांत सांगितलं, माजा हाय म्हणून. कुणाला खरं वाटंना, तर मातीत बसून बांदून दावला. मी लई जणांना इद्या दिली. तशी चेली एकच. ती बगा, मागं बसलीया. उब्या र्‍हावा, बाई."

मी उभी राहिले. तीस माना वळल्या. साहेबही वळून बघत होते.

आबा तेवढ्यात पुन्हा कामाला लागले होते. "चला, आता परत लावा, परत काडा. तोंडानं मोजायचं, मोट्यांदा." तीस जणांनी एका सुरात मोजायला सुरुवात केली, आणि हात पाठीमागे बांधून ते त्यांच्या ओळींमधून ऐकत चालू लागले. मला बसा म्हणायला विसरले. मलाही बसावंसं वाटलं नाही.